अमेरिका खंडांतील शेती, व्यापार, सुरक्षा आणि आर्थिक विकासाचे नेतृत्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेती, व्यापार, सुरक्षा आणि विकास हे चार विषय एकत्र का अभ्यासायचे?

कॅनडापासून अर्जेंटिनापर्यंतच्या देशांत हे विषय एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. कोलंबियाचे उदाहरण घ्या. तेथील सरकार आणि फार्क ही सशस्त्र संघटना यांच्यातला संघर्ष पाच दशके चालला आणि २०१६ मध्ये शांतता करार झाला. या कराराचा पहिलाच भाग शस्त्रे खाली ठेवण्याबद्दल नाही, तो ग्रामीण सुधारणेबद्दल आहे: भूमिहीनांना जमीन, जमिनीच्या मालकीची नोंद, खेड्यापर्यंत रस्ता आणि शेतमालाला बाजार. १९६० च्या दशकात फार्कची सुरुवात जमिनीच्या प्रश्नावरून पेटलेल्या शेतकरी भागांतच झाली होती, त्यामुळे वाटाघाटींची सुरुवातही तिथूनच करावी लागली. राष्ट्राध्यक्ष हुआन मानुएल सांतोस यांना त्या वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. मात्र करारातील सर्वांत रेंगाळलेला भाग आजही जमिनीचाच आहे.

येथे ‘नेते’ म्हणून कोणाचा विचार केला आहे?

केवळ राष्ट्राध्यक्ष आणि मंत्र्यांचा नाही. या खंडांची अर्थव्यवस्था घडवणाऱ्यांमध्ये गव्हाचे वाण शोधणारे शास्त्रज्ञ आहेत, बँका उभारणारे अर्थतज्ज्ञ आहेत, अण्वस्त्रबंदीचा मसुदा लिहिणारे मुत्सद्दी आहेत आणि जंगल वाचवताना जीव गमावलेला रबराचा चीक गोळा करणारा मजूरही आहे. ही माणसे निवडताना आम्ही दोन गोष्टी पाहिल्या आहेत. नेता पदावरून गेल्यावर त्याच्या मागे चालू राहिलेली एखादी संस्था, करार किंवा पद्धत आहे का, आणि त्या कामाचा भार कोणाच्या खांद्यावर पडला.

या इतिहासात एखादा मराठी माणूस आहे का?

आहे, आणि त्यांची ओळख आपल्याकडे असायला हवी तेवढी नाही. वर्ध्याला जन्मलेले पांडुरंग खानखोजे हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गदर चळवळीच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी एक होते. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले होते. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले, आणि मायदेशाची वाट बंद झाल्यावर १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले. तेथे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि मका व गव्हाच्या सुधारित वाणांवर काम केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मेक्सिकन क्रांती नुकतीच होऊन गेली होती, हाती जमीन आलेल्या शेतकऱ्याला ती कसायचे ज्ञानही हवे होते, आणि त्या शाळा त्यासाठीच होत्या.

मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांचे एक भित्तिचित्र आहे. जेवणाच्या मेजाच्या प्रमुख जागी बसलेला माणूस भाकरी मोडून वाटतो आहे, भोवती वेगवेगळ्या वर्णांची माणसे बसली आहेत, आणि मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली स्त्री उभी आहे. भाकरी वाटणाऱ्या त्या माणसासाठी रिव्हेरांनी खानखोजे यांचा चेहरा घेतला. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसवण्यात आला.

हरितक्रांतीची सुरुवात मेक्सिकोत झाली असे म्हणतात, ते कितपत खरे आहे?

गव्हाच्या बाबतीत ते खरे आहे. १९४० मध्ये अमेरिकेचे माजी कृषिमंत्री आणि नियोजित उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस मेक्सिकोला गेले. ते स्वतः संकरित मक्याचे काम केलेले गृहस्थ होते, त्यामुळे खेड्यांतली मक्याची कणसे पाहून उत्पादन कुठे अडते आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांच्या आग्रहातून रॉकफेलर फाउंडेशन आणि मेक्सिको सरकारचा कृषी कार्यक्रम १९४३ मध्ये सुरू झाला, आणि १९४४ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग त्यात दाखल झाले.

बोरलॉग यांची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. वायव्येकडील सोनोरा राज्यात, याकी खोऱ्यातील सिउदाद ओब्रेगोनजवळ, समुद्रसपाटीलगतच्या बागायती जमिनीत नोव्हेंबरमध्ये पेरणी करायची. एप्रिलमध्ये तिथली काढणी झाली की निवडलेले बियाणे घेऊन हजारो फूट उंचीवरच्या तोलुका परिसरात जायचे आणि तेथे लगेच दुसरी पेरणी करायची. वर्षाला एक पिढी मिळायची तेथे दोन मिळू लागल्या. दुसरा फायदा मात्र आधी कोणी फारसा हिशेबात धरला नव्हता. दोन्ही ठिकाणी दिवसाची लांबी, हवा आणि रोग वेगळे असल्याने, दोन्हीकडे टिकलेले वाण जगात जवळजवळ कुठेही रुजण्याजोगे झाले. १९५६ च्या सुमारास मेक्सिको गव्हाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. पुढे जपानी ‘नोरिन १०’ वाणाचा बुटकेपणाचा गुण या गव्हात आणला गेला. त्यातूनच ‘सोनोरा ६४’ आणि ‘लेर्मा रोहो’ ही वाणे भारतात आली आणि १९६६ मध्ये भारताने १८ हजार टन मेक्सिकन बियाणे आयात केले. त्याच वर्षी मेक्सिकोत मका व गहू संशोधनाचे आंतरराष्ट्रीय केंद्र रीतसर स्थापन झाले, आणि १९७० मध्ये बोरलॉग यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

आमच्या मते या यशाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. नवे गहू पाणी आणि खत मागणारे होते, त्यामुळे त्यांचा पहिला लाभ सोनोराच्या मोठ्या बागायतदारांना झाला. दक्षिणेकडील ओआहाका आणि चियापासमधला, डोंगरउतारावर कोरडवाहू मका घेणारा शेतकरी त्या बदलापासून दूरच राहिला. खानखोजे ज्यांना शिकवत होते तो शेतकरी बहुतांशी हाच होता.

ब्राझील एवढी मोठी कृषी महासत्ता कशी झाली?

या पानावरचे सर्वांत दीर्घ उत्तर या प्रश्नाला द्यावे लागते, कारण उष्ण कटिबंधातील दुसऱ्या कोणत्याही देशाने शेतीत इतका मोठा पल्ला इतक्या थोड्या काळात गाठलेला नाही.

ब्राझीलच्या मध्यभागी सेराडो नावाचा सुमारे २० कोटी हेक्टरांचा गवताळ, खुरट्या झाडांचा पठारी प्रदेश आहे. १९६० च्या दशकापर्यंत तो शेतीला निकामी समजला जाई. जमीन लाल आणि खोल होती, पाऊसही पुरेसा होता, पण माती अतिशय आम्लधर्मी होती, तिच्यात स्फुरद जवळजवळ नव्हते, आणि ॲल्युमिनियम इतके होते की पिकाची मुळे खाली उतरण्याआधीच करपत. ब्राझील तेव्हा कॉफी आणि साखर विकून धान्य विकत घेत असे.

१९७३ मध्ये एम्ब्रापा ही राष्ट्रीय कृषी संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले एलिसेऊ आल्व्हेस यांनी आग्रह धरला, तो इमारतींपेक्षा माणसे घडवण्याचा. शेकडो तरुण शास्त्रज्ञांना परदेशी विद्यापीठांत उच्च शिक्षणासाठी पाठवण्यात आले. १९७४ ते १९७९ या काळात कृषिमंत्री असलेले आलिसोन पाओलिनेली यांनी या संस्थेला पैसा आणि राजकीय संरक्षण दिले. कर्ज, रस्ते आणि संशोधन एकाच वेळी एकाच प्रदेशाकडे वळवण्याचे कामही त्यांनी केले. सेराडोसाठीचे स्वतंत्र संशोधन केंद्र १९७५ मध्ये ब्राझिलियाजवळच्या प्लानाल्तिनात उघडले. हेक्टरी काही टन चुना टाकून मातीची आम्लता कमी करणे, भरपूर स्फुरद देणे आणि आफ्रिकेतून आलेल्या ब्राकियारिया गवताने कुरणे धरणे, असा क्रम बसत गेला. सोयाबीन हे मुळात समशीतोष्ण, उन्हाळ्यात दिवस लांब असणाऱ्या प्रदेशातले पीक. विषुववृत्ताजवळच्या लहान दिवसांत ते फार लवकर फुलोऱ्यावर येऊन खुजे राहते. ही अडचण दूर करणारी वाणे ब्राझिलियन संशोधकांनी निवडून काढली. एडसन लोबाटो, पाओलिनेली आणि अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ कॉलिन मॅक्लंग यांना या कामासाठी २००६ चे जागतिक अन्न पारितोषिक विभागून देण्यात आले.

यात योहाना डोबरायनर यांचे नाव अनेकदा मागे पडते. आजच्या चेक प्रजासत्ताकात जन्मलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्राझीलला स्थायिक झालेल्या या शास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आग्रह धरला की सोयाबीनची निवड नत्रखत घालून करू नये, मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या भरवशावर करावी. अमेरिकेतली प्रचलित शिफारस त्या काळी याच्या उलट होती. डोबरायनर यांचे म्हणणे मान्य झाले, आणि म्हणूनच ब्राझीलचे बहुतेक सोयाबीन आज जवळजवळ युरियाशिवाय, जिवाणू संवर्धकाच्या बीजप्रक्रियेवर येते. मराठवाड्यात पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम लावणारा शेतकरी हेच शास्त्र वापरत असतो. तेच काम पुढे नेणाऱ्या एम्ब्रापाच्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

बाहेरच्या घटनेचाही यात हात होता. १९७३ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशातील भाव आवरण्यासाठी अमेरिकन सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. ती फार काळ टिकली नाही, पण सोयाबीनसाठी अमेरिकेवर विसंबलेला जपान धास्तावला आणि त्याने सेराडोच्या विकासात भांडवल घातले. आज सोयाबीनच्या उत्पादनात आणि निर्यातीत ब्राझील अमेरिकेच्या पुढे आहे.

या प्रगतीची किंमत कोणी मोजली?

सेराडोतील जवळजवळ निम्मे मूळ वनस्पती-आच्छादन नाहीसे झाले आहे. ॲमेझॉनच्या कडेला जंगल तोडून कुरणे करण्याच्या लाटेत, आक्रे राज्यातील शापुरी येथे, चिको मेंदेस यांची २२ डिसेंबर १९८८ रोजी त्यांच्या घराच्या मागील दारात गोळी घालून हत्या झाली. ते रबराचा चीक गोळा करणाऱ्या मजुरांचे संघटक होते. जंगल तोडायला आलेल्या टोळ्यांसमोर बायका-मुलांसह उभे राहून काम थांबवणे ही त्यांची पद्धत होती. रहिवाशांना जंगलातील उत्पन्नावर जगू देणारी पण तोड करू न देणारी राखीव क्षेत्रे ही त्यांची मागणी त्यांच्या मृत्यूनंतर कायद्यात आली. त्यांच्यासोबत काम केलेल्या मारिना सिल्वा पुढे देशाच्या पर्यावरणमंत्री झाल्या. आम्ही मेंदेस यांना आर्थिक विकासाच्याच नेत्यांत धरतो, कारण जंगल उभे ठेवूनही उपजीविका चालते हे त्यांनी आकडेमोड न करता, माणसे जमवून दाखवले.

व्यापाराच्या विचारात लॅटिन अमेरिकेचे सर्वांत मोठे योगदान कोणाचे?

निःसंशय राऊल प्रेबिश यांचे. अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेचे १९३५ मधील स्थापनेपासूनचे महाव्यवस्थापक असलेल्या या अर्थतज्ज्ञाने महामंदीत गहू आणि मांसाचे भाव कोसळताना पाहिले होते, तर विकत घ्यायच्या यंत्रांचे भाव त्या प्रमाणात उतरत नव्हते. कच्चा माल विकणाऱ्या देशाला तेवढेच यंत्र घेण्यासाठी काळाच्या ओघात अधिकाधिक माल द्यावा लागतो, हे त्यांनी १९४९ मध्ये मांडले. सांतियागो येथील संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकाविषयक आर्थिक आयोगाचे ते १९५० ते १९६३ या काळात प्रमुख होते. १९६४ मध्ये ते व्यापार व विकासविषयक संयुक्त राष्ट्र परिषदेचे पहिले महासचिव झाले. या परिषदेचे दुसरे अधिवेशन १९६८ मध्ये नवी दिल्लीत भरले आणि विकसनशील देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी शुल्कात सवलत द्यावी हे तत्त्व तेथे मान्य झाले. देशी कारखानदारीला संरक्षण द्यावे या प्रेबिश यांच्या विचारांवर आयातबंदीच्या अतिरेकाचा ठपका ठेवला जातो, पण संरक्षणाच्या आड कारखानदार सुस्तावतात अशी तक्रार त्यांनी स्वतःच केली होती.

दक्षिण अमेरिकेतील मर्कोसुर हा केवळ व्यापारी करार आहे का?

नाही. अर्जेंटिना आणि ब्राझील हे अनेक दशके एकमेकांकडे संशयाने पाहणारे शेजारी होते आणि दोघांचेही अणुकार्यक्रम चालू होते. लष्करी राजवटी संपल्यावर राऊल आल्फोन्सिन आणि जोझे सार्नेई हे दोन नागरी राष्ट्राध्यक्ष ३० नोव्हेंबर १९८५ रोजी इग्वासू येथे भेटले. त्यांनी आर्थिक सहकार्याबरोबर अणुक्षेत्रातील विश्वासवर्धनाचीही सुरुवात केली. पुढे १९९१ मध्ये दोन्ही गोष्टी पूर्णत्वाला गेल्या: मार्चमध्ये आसुन्सिऑन येथे पॅराग्वे आणि उरुग्वेसह मर्कोसुरचा करार झाला, आणि एकमेकांच्या अणुकेंद्रांची तपासणी करणारी संयुक्त संस्थाही त्याच वर्षी स्थापन झाली. भारताचा मर्कोसुरशी मर्यादित सवलतींचा करार २००९ पासून लागू आहे.

नाफ्टाचा मेक्सिकोच्या शेतकऱ्याला फायदा झाला की तोटा?

कोणत्या शेतकऱ्याबद्दल विचारता, यावर उत्तर अवलंबून आहे. नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार, १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला, आणि त्याच दिवशी चियापासमध्ये झापातिस्ता बंडखोरांनी उठाव केला. दोन वर्षांपूर्वीच सामूहिक जमिनींच्या विक्रीचा मार्ग खुला करणारी घटनादुरुस्ती झाली होती, आणि राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी १९३० च्या दशकात वाटलेली जमीन पुन्हा हातातून जाईल ही धास्ती त्या उठावामागे होती. अनुदानावर पिकलेल्या अमेरिकन मक्याशी छोट्या शेतकऱ्याला टक्कर देता आली नाही. दुसरीकडे भाजीपाला आणि फळे पिकवणाऱ्यांना मोठी बाजारपेठ मिळाली. मिचोआकान राज्यातील ॲव्होकाडोवर अमेरिकेत १९१४ पासून असलेली बंदी १९९७ पासून टप्प्याटप्प्याने उठली आणि तेथील बागायतदार संपन्न झाले. त्या संपन्नतेमागोमाग खंडणीखोर टोळ्याही आल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या एका तपासणी अधिकाऱ्याला धमकी आल्यावर ॲव्होकाडोची आयात काही दिवस थांबली होती. बागेत फळ तयार आहे, गिऱ्हाईक तयार आहे, पण तपासनीस सुरक्षित नाही म्हणून माल हलत नाही. अशा ठिकाणी शुल्कमाफीची कलमे पुरी पडत नाहीत. २०२० पासून नाफ्टाच्या जागी नवा त्रिपक्षीय करार आला आहे.

सुरक्षेच्या क्षेत्रात कोणती कामगिरी सर्वांत टिकाऊ ठरली?

दोन निर्णयांचा उल्लेख करावा लागेल. पहिला कोस्टा रिकाचा. १९४८ च्या यादवीत विजयी झालेले होसे फिगेरेस यांनी त्याच वर्षी १ डिसेंबरला, जिंकलेले असतानाही, सैन्यच बरखास्त केले, आणि १९४९ च्या राज्यघटनेने कायमस्वरूपी सैन्याला बंदी घातली. याच देशाचे राष्ट्राध्यक्ष ओस्कार आरियास यांनी १९८७ मध्ये मध्य अमेरिकेतील युद्धे थांबवणारा आराखडा पाच राष्ट्राध्यक्षांकडून मान्य करून घेतला. दुसरा निर्णय १९६७ च्या त्लातेलोल्को कराराचा. लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त ठेवणाऱ्या या करारामागे मेक्सिकोचे मुत्सद्दी आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस होते.

विकासासाठी पैसा आणि तांत्रिक मदत देणाऱ्या संस्था कोणी उभ्या केल्या?

आंतर-अमेरिकी विकास बँक १९५९ मध्ये स्थापन झाली. ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांनी आदल्या वर्षी धरलेला आग्रह त्यामागे होता, आणि चिलीचे फेलिपे एरेरा तिचे पहिले अध्यक्ष झाले. शेतीसाठीची आंतर-अमेरिकी संस्था त्याहून जुनी, १९४२ ची. तिचे पहिले केंद्र कोस्टा रिकातील तुरियाल्बा येथे होते.

निर्यात शुल्क लावून शेतीतून सरकार चालवता येते का?

अर्जेंटिनाने हा प्रयोग वारंवार केला आहे. मार्च २००८ मध्ये क्रिस्तिना फर्नांदेस यांच्या सरकारने सोयाबीन व सूर्यफुलावर भावाबरोबर चढत जाणारे निर्यात शुल्क लावले. शेतकऱ्यांनी चार महिने रस्ते अडवले. अखेर विधेयक सिनेटमध्ये आले आणि १७ जुलैच्या पहाटे मते समसमान पडली. निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्ष हुलिओ कोबोस यांच्याकडे होते. त्यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिले आणि ते शुल्क रद्द झाले. शहरी गरिबांसाठी पैसा हवा ही सरकारची गरज खरी होती, पण ज्याच्याकडून तो घ्यायचा त्याला विचारात न घेता पेरणीनंतर नियम बदलणे आम्हाला अन्यायाचेच वाटते.

कॅनडाच्या कडधान्यांमागे कोणाचे नेतृत्व होते?

प्रामुख्याने सस्कॅचेवान विद्यापीठातील संशोधकांचे. तेथील पीक विकास केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. पुढच्या वर्षी रुजू झालेल्या आल्फ्रेड स्लिंकार्ड यांनी १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे मसुराचे वाण दिले. गहू घेऊन एक वर्ष जमीन पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना त्यामुळे नत्र स्थिर करणारे आणि पैसे देणारे फेरपालटाचे पीक मिळाले.

या सगळ्याचा महाराष्ट्रातील शेतकऱ्याशी प्रत्यक्ष संबंध कोठे येतो?

सर्वाधिक सोयाबीनमध्ये. भारत सोयातेल मोठ्या प्रमाणात अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून आणतो, त्यामुळे पाराना नदीकाठच्या रोसारियोतील तेलगिरण्या आणि लातूरचे सौदे एकमेकांना बांधलेले आहेत. आपले सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात बाजारात येते तेव्हाच अमेरिकेतली काढणी चालू असते, आणि ब्राझीलमध्ये नवी पेरणी सुरू झालेली असते. आपला माल घरात ठेवून जानेवारीनंतर विकायचा विचार असेल, तर तोवर ब्राझीलची काढणी सुरू होते आणि मार्चपासून अर्जेंटिनाची. साठवणुकीचा निर्णय घेताना म्हणून ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्यातील पावसाची बातमी जिल्ह्यातल्या आवकेइतकीच महत्त्वाची ठरते.

साखरेत ब्राझीलचे कारखाने भाव पाहून उसाचा रस साखरेकडे किंवा इथेनॉलकडे वळवतात. १९७५ च्या इथेनॉल कार्यक्रमापासून त्यांनी ही सोय उभी केली आहे. त्यांचे गाळप साधारण एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणजे आपला हंगाम आटोपत असताना. तुरीच्या बाबतीत पिवळ्या वाटाण्याकडे लक्ष ठेवावे. २०१७ मध्ये भारताने त्यावर ५० टक्के आयात शुल्क लावले होते आणि डिसेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२५ या काळात तो शुल्कमुक्त ठेवला होता. कॅनडातून येणारा हा वाटाणा बेसनात आणि डाळीत स्वस्त पर्याय म्हणून खपतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातील तूर व हरभरा उत्पादकांच्या भावावर त्याचा दाब पडतो. अमेरिकेचा कृषी विभाग दर महिन्याला जगातील पुरवठा व मागणीचा अंदाज विनामूल्य जाहीर करतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी त्यातील सोयाबीन आणि तेलाचे तक्ते मराठीत करून सभासदांपर्यंत पोहोचवले, तर व्यापाऱ्याला आधी कळणारी गोष्ट शेतकऱ्यालाही त्याच दिवशी कळेल.